ग्यानबा वायरमनचं दुखणं

मानोऱ्यात ग्यानबा वायरमन कोणाला माहीत नाही असं नाही. माणसाचा जन्म विजेच्या खांबांवर गेला. आजूबाजूच्या तांड्यांवरची लाइन गेली की लोक साहेबाला नाही, ग्यानबाला फोन लावायचे. वारा सुटलेला असो की खांब ओला असो, तो चढायचा आणि सुखरूप उतरायचा. नोकरीत एकदाही पडला नाही, हे तो निवृत्तीच्या सत्कारातही बोलला होता. आणि निवृत्त झाल्यावर पडला तो आपल्याच परसातल्या शेवग्यावरून.

चढायला कारणही तसंच होतं. त्याचा इवाई, म्हणजे व्याही, जगदेव त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या घरी आला होता.

ग्यानबाचा मुलगा प्रसेनजित आणि जगदेवची निकिता पुण्यात एकाच कंपनीत होते. त्यांनी तिथंच कोर्टात लग्न केलं. जगदेव मंगरूळपीरकडचा मोठा शेतकरी, चार माणसांत ऊठबस असलेला. पोरीनं बौद्धाच्या घरात लग्न केलं म्हणून त्यानं भांडण केलं नाही, पोलिसात गेला नाही, पण बोलणं बंद केलं. त्याची बायको प्रयागबाई तेवढी देवघरात बसून रडून घ्यायची. दोन वर्षं अशीच गेली. मग निकिताला दिवस भरायच्या आधीच मुलगा झाला. पोट फाडून काढावा लागला, आणि पोरगं वजनाला कमी म्हणून काचेच्या पेटीत ठेवलं. ग्यानबाची बायको बेबीताई पुण्याला धावली. ते प्रयागबाईच्या कानावर गेलं तशी तिनं कोणाला न विचारता डिंकाचे लाडू वळले, डबा नवऱ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, पुण्याला जायची हिंमत नसेल तर निदान मानोऱ्यापर्यंत तरी जा.

म्हणून जगदेव आला. डबा टेबलावर ठेवून खुर्चीत अवघडून बसला. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, तिकडं पाहून त्यानं हात जोडले. ग्यानबानं पाणी दिलं, ते तो प्यायला. बोलायला दोघांजवळ काही नव्हतं. तुरीला भाव काय, थंडी कशी, एवढ्यात विषय संपले. घरात बाई नाही, पण इवायाला उपाशी कसं पाठवायचं? शेजारच्या दुर्गाबाईकडं भाकरी सांगून ग्यानबा परसात गेला. शेवगा शेंगांनी लदबदला होता. बेसनातल्या शेंगा त्याच्या हातच्या चांगल्या व्हायच्या.

शेवग्याचं लाकूड कसं असतं हे लहान पोरालाही ठाऊक. फांदी दिसते मनगटाएवढी आणि मोडते काकडीसारखी. ग्यानबालाही ते ठाऊक होतं, पण खांबावर चढलेल्या माणसाला झाडाचं काय भय? शेंड्याकडच्या शेंगा त्याला चांगल्या वाटल्या. फांदी कडकन मोडली. खाली वालाच्या वेलासाठी रोवलेल्या बांबूच्या खुंट्या होत्या. वेल कधीच वाळून गेला होता, खुंट्या तशाच उभ्या. त्यातल्या एकीवर तो बसता पडला.

खुंटी कुठं शिरली हे सांगायला कोणी नको होतं. डोळ्यांपुढं अंधारी आली. कसंबसं त्यानं स्वतःला खुंटीवरून सोडवलं, उठला आणि न्हाणीत जाऊन धुतलं. रक्त फार नव्हतं. दुखत होतं ते आत, खोल. फडक्याची घडी लावून त्यानं काळी पँट चढवली.

बैठकीतून जगदेवनं विचारलं, काही पडलं का.

"फांदी पडली जी," ग्यानबा म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

शेंगा झाल्या, भाकरी आली, ताट वाढलं. जगदेव म्हणाला, तुमीबी बसा. ग्यानबा म्हणाला, तुमचं होऊ द्या. तो उभ्यानंच वाढत राहिला. जगदेवनं पुन्हा म्हणून पाहिलं, पुन्हा तेच उत्तर आलं. ग्यानबाला समोरच्या माणसाचा चेहरा उतरताना दिसत होता. आपल्या घरी येऊन जेवतोय आणि आपण त्याच्याबरोबर बसत नाही, याचा तो काय अर्थ घेतोय तेही त्याला कळत होतं. पण पहिल्यांदा उंबऱ्यात आलेल्या इवायाला काय सांगणार, की माझ्या ढुंगणात खुंटी शिरली? जगदेवनं अर्धी भाकरी तशीच ठेवली, हात धुतले आणि येतो म्हणून निघून गेला.

रात्री ग्यानबाला ताप भरला. बेबीताईचा फोन आला तेव्हा त्यानं खोकला झाल्याचं सांगितलं. तिथं एवढंसं लेकरू पेटीत, त्यात हे कशाला? दुसऱ्या दिवशी दुर्गाबाईला त्यानं कंबर धरल्याचं सांगितलं. तिनं ओव्याची पुरचुंडी शेकायला दिली. त्याच्या पुढच्या दिवशी मात्र उठून पाणी घ्यायचीही ताकद उरली नाही. फोन वाजत होता, हात पोचत नव्हता.

बाबा फोन उचलत नाहीत म्हणून पुण्यात प्रसेनजित कासावीस झाला. निकिता खाटेवर होती, टाके ओले. तिनं नवऱ्याला काही विचारलं नाही. सरळ आपल्या बापाचा नंबर लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा. पुढं कधीतरी जगदेवनं ग्यानबाला सांगितलं, की तिचं नाव फोनवर पाहून त्याला आधी धडकी भरली, लेकराचं काही झालं की काय म्हणून. ती एवढंच बोलली होती, आप्पा, माझ्या सासऱ्याला पाहून या.

गावातली बोलेरो घेऊन जगदेव आला. दार ढकललं तर ग्यानबा बाजेवर पालथा.

"कुठी लागलं?"

"कंबरेत."

जगदेवनं चादर बाजूला केली. त्यानं आयुष्यभर बैल पाळले होते, सडलेल्या जखमेचा वास त्याला लगेच कळला. म्हणाला, "त्या दिवशी म्हणूनच बसले नाई का तुमी?"

ग्यानबानं तोंड उशीत घातलं.

वाशिमला जाताना ग्यानबा मधल्या सीटवर पालथा होता आणि त्याचं डोकं जगदेवच्या मांडीवर. खड्डा आला की जगदेव ड्रायव्हरला शिव्या घालायचा आणि ग्यानबाचा खांदा दाबून धरायचा. ग्यानबा अर्धवट शुद्धीत होता, पण शिव्या त्याला चांगल्या आठवतात.

दवाखान्यात तपासण्या झाल्या. सर्जननं सांगितलं, की गुदाशयाला भोक पडलंय आणि मागच्या बाजूला पू साचलाय. त्याच रात्री ऑपरेशन झालं. पू काढला, धुतलं, आणि शौचाची वाट काही महिन्यांपुरती पोटावर काढून तिथं पिशवी लावली. घाण खाली गेलीच नाही तर जखमेला भरायला सवड मिळेल, असा हिशेब. प्रसेनजित सकाळी पोचला, बापाचे पाय धरून बसला. पण तिकडं लेकरू पेटीत, बायको टाक्यांची, आई एकटी. तो कोणाकोणाला पुरणार? जगदेवनं त्याला बाहेर नेऊन चहा पाजला. जावयाशी त्याचं ते पहिलंच बोलणं.

"तू जाय. तिथी तुही गरज हाय. इथी मी हावो."

ग्यानबाला हे कळलं तेव्हा त्याला पिशवीपेक्षा जास्त अवघड वाटलं. पिशवी भरली की रिकामी करावी लागायची. सिस्टर रूपाबाई करायची, पण एका दुपारी ती दुसऱ्या पेशंटकडं अडकली आणि पिशवी फुटायला आली. जगदेव उठला. ग्यानबानं त्याचा हात धरला.

"तुमी नका करू, इवाई. तुमी हात नका लावू."

"काहून?"

कारणं पुष्कळ होती आणि एकही तोंडातून काढता येत नव्हतं. जगदेवनं हातमोजे चढवले, रूपाबाई करायची तसा खालचा चिमटा काढला. "गाईचं काढलं, बापाचं काढलं, पोरीचं काढलं. तुमचं काय सोन्याचं हाय?" म्हणाला, आणि पिशवी रिकामी करून, पुसून, चिमटा परत लावला. जरा सांडलं. ते त्यानं पुसलं. ग्यानबा छताकडं बघत राहिला. पंख्याची पाती त्याला धूसर दिसत होती.

आठवडा उलटला तरी ताप पूर्ण उतरेना. गुदाशयामागची पोकळी साफ होईना, पू पुन्हा पुन्हा धरत होता. तेव्हा सर्जननं दुर्बीण घालून आतून बघणाऱ्या डॉक्टरांना बोलावलं. त्या डॉक्टर सपना, वयानं निकितापेक्षा थोड्याच मोठ्या. बाई डॉक्टर आलेली पाहून ग्यानबानं भिंतीकडं तोंड केलं.

त्या स्टूल ओढून भिंतीच्याच बाजूला जाऊन बसल्या, त्याच्या तोंडासमोर. एका कागदावर त्यांनी आतडं काढलं, त्याला भोक, आणि भोकामागं मोठ्या लिंबाएवढी पोकळी. त्यांनी सांगितलं, की ही पोकळी वरून शिवून बंद केली तर आत सडत राहील. ती तळापासून भरत आली पाहिजे. त्यासाठी दुर्बिणीनं त्या पोकळीत सच्छिद्र स्पंज ठेवायचा. स्पंजाला बारीक नळी, नळी बाहेर काढून मशीनला जोडलेली. मशीन रात्रंदिवस हलकेच ओढत राहणार. आतली घाण निघून येणार, आणि त्या ओढीनं पोकळीच्या भिंती एकमेकींच्या जवळ येऊन नवं मांस धरणार. तीन-चार दिवसांनी स्पंज काढून नवा, आधीच्यापेक्षा लहान. असं पोकळी मिटेपर्यंत.

"दुखीन का?" ग्यानबानं भिंतीकडं बघतच विचारलं, म्हणजे त्यांच्याकडंच बघत.

त्यांनी खोटं सांगितलं नाही. बदलताना झोपेचं औषध देऊ, पण ठणका राहील म्हणाल्या. स्पंजात मांस गुंतून बसतं, ते सोडवावं लागतं. आणि मग म्हणाल्या, "काका, लाजायचं काम नाही. तुम्ही खांबावर चढल्यावर तार बघत होता ना? मी पण जखमच बघते."

त्यावर जगदेवच हसला आधी.

पहिला स्पंज बसला आणि खाटेशी ते मशीन आलं. जेवणाच्या डब्याएवढं, बाजूला पारदर्शक डबी. त्यातून बारीक घरघर यायची आणि नळीतून मळकट लाल पाणी डबीत उतरायचं. नळी कुठं दबली की मशीन टीटी करायचं. पहिल्या वेळेला जगदेव घाबरून चप्पल न घालताच सिस्टरला बोलवायला धावला. नंतर त्याला समजलं, की ग्यानबा कुशीवर वळताना नळीवर झोपतो. मग तो टीटी झालं की नुसतं म्हणायचा, "इवाई, उठा, लाइनीवर झोपले तुमी."

तिसऱ्या दिवशी ताप उतरला तो पुन्हा चढला नाही. बदलताना ठणका लागायचा हे खरं. गुंगीतून जागं होताना ग्यानबा कण्हायचा आणि दाराशी जगदेव उभा असायचा. पण दर वेळी सपना मॅडम सांगायच्या, की आत लालबुंद, ताजं मांस दिसतंय. स्पंज आधी लिंबाएवढा होता, मग सुपारीएवढा झाला. कापून उरलेला तुकडा जगदेवनं मागून घेतला आणि बोटात दाबून पाहिला. एवढ्याशा गोष्टीनं माणूस बरा होतो याचं त्याला राहून राहून नवल वाटायचं.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. सकाळ-संध्याकाळ दोघं वऱ्हांड्यातून फेऱ्या घालायचे, ग्यानबा हळूहळू पुढं आणि जगदेव मशीनची पिशवी खांद्याला अडकवून नळीच्या अंतरानं मागं. नळी काही फार लांब नव्हती, त्यामुळं बोलायलाच लागायचं. दोघांनी एकमेकांची अख्खी जिंदगी ऐकली. जगदेवच्या विहिरीवरच्या मोटारीची लाइन कितीदा जळाली, ती जोडायला ग्यानबाच एकदा येऊन गेला होता, हेही निघालं. तेव्हा जगदेव घरी नव्हता. ग्यानबानं खांबावरून उतरून विहिरीचं पाणी पिऊन वाट धरली होती.

अशाच एका फेरीत जगदेव थांबला. नळी ताणली तसा ग्यानबाही थांबला.

"त्या दिवशी मले वाटलं, तुमी मले संगं बसून जेवायच्या लायक समजत नाई. म्हटलं, एवढा मोठा झाला का हा वायरमन."

ग्यानबाला हसू फुटलं. हसलं की खाली कळ जायची, कळ गेली की तो विव्हळायचा आणि पुन्हा हसायचा. "उलटं झालं हे," तो डोळे पुसत म्हणाला. "सारी जिंदगी आमी हेच समजत आलो जी तुमच्याबद्दल."

जगदेव हसला नाही. मान हलवून म्हणाला, "चूक नाई समजले." आणि पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

एका दुपारी प्रयागबाई आली. मऊ भात आणि वरण घेऊन. ग्यानबानं उठायचा प्रयत्न केला, तिनं हातानंच राहू द्या म्हटलं. जगदेव औषधं आणायला गेला तेव्हा तिनं हळूच विचारलं, लेकराचा फोटो आहे का. ग्यानबानं मोबाइल पुढं केला. लेकरू आता पेटीबाहेर आलं होतं, बेबीताईच्या मांडीवर मुठी आवळून झोपलं होतं. प्रयागबाई इतका वेळ बघत राहिली की पडदा काळा झाला. ग्यानबानं बोट लावून तो पुन्हा उजळवला, आणि मग निकिताचा नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. तो भिंतीकडं वळून झोपल्याचं सोंग घेऊन पडला. मायलेकी काय बोलल्या ते त्यानं ऐकलं, पण कोणाला सांगितलं नाही.

त्याच्याबरोबर नोकरी केलेला सेवादास तांड्यावरून भेटायला आला, त्यानंही विचारलं, कंबर म्हणे? आतापर्यंत ग्यानबा सगळ्यांना कंबरच सांगत होता. त्या दिवशी त्यानं जगदेवकडं पाहिलं, आणि शेवगा, खुंटी, भोक, स्पंज, सगळं सरळ सांगून टाकलं. सेवादासनं गंभीर तोंडानं ऐकून घेतलं. मग त्यानं गुपचूप विचारलं, की त्याच्या बायकोच्या भावालाही त्याच जागी कित्येक महिन्यांपासून काही वाहतंय आणि तो कोणाला दाखवत नाही, तर या डॉक्टर बघतील का. ग्यानबा म्हणाला, उद्याच घेऊन ये.

शेवटचा स्पंज बोराएवढा होता. तो काढल्यावर सपना मॅडमनी ग्यानबाला पडद्यावर दाखवलं. पोकळी होती तिथं एक गुलाबी खळगी उरली होती, भोक आपसूक मिटून गेलेलं. आता मशीन नको म्हणाल्या. त्या रात्री खोलीत घरघर नव्हती, तर दोघांनाही लवकर झोप येईना.

पोटावरची पिशवी घेऊन ग्यानबा मानोऱ्याला आला. उन्हाळा, पावसाळा त्यानं तसाच काढला. पिशवीची सवय झाली, ती शर्टाखाली लपवायचंही त्यानं सोडून दिलं. बेबीताई परत आली. दर रविवारी जगदेव चक्कर टाकायचा, काही काम नसलं तरी. पोळा झाल्यावर पुन्हा तपासणी झाली, आत सगळं घट्ट भरलेलं निघालं, आणि छोट्या ऑपरेशननं पोटावरची वाट बंद करून आतडं जागच्या जागी जोडलं.

आता सगळं एका गोष्टीवर अडलं होतं. एक दिवस गेला, दुसराही गेला. डॉक्टर विचारायचे, ग्यानबा मान हलवायचा. मग एका सकाळी तो संडासातून बाहेर आला तो सत्कारातल्या फोटोसारखा चेहरा करून. जगदेव खाली गेला आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आला. वॉर्डात वाटायला लागला. लोक विचारायचे, कशाचे पेढे? तो म्हणायचा, "आमच्या इवायाची लाइन चालू झाली." रूपाबाईनं दोन घेतले.

सुट्टी मिळाली त्या दिवशी बोलेरोत पुढं ग्यानबा बसला, मागं बेबीताई. मंगरूळपीर आलं, दर्ग्याजवळची गर्दी मागं पडली, आणि मानोऱ्याचा रस्ता सोडून गाडी दुसरीकडंच वळली. ग्यानबानं विचारलं, इकडं कुठं? जगदेव म्हणाला, जरा काम आहे गावात. बेबीताई खिडकीतून बाहेर बघत हसत होती. तिला माहीत होतं.

जगदेवच्या घराच्या ओसरीवर प्रसेनजित उभा होता. आतून निकिता आली, कडेवर लेकरू. काचेच्या पेटीतलं ते पोर आता चांगलं गुबगुबीत झालं होतं. त्यानं ग्यानबाकडं पाहून आधी ओठ काढले आणि मग त्याची मिशी धरली. प्रयागबाईनं दारातच पायांवर पाणी घातलं. शेजारपाजारच्या बाया ओट्यांवर येऊन बघत होत्या. त्यातली एक म्हातारी पुढं आली आणि तब्येतीची चौकशी करायला लागली. जगदेवनं तिला सगळ्यांच्या देखत सांगितलं, हे आमचे इवाई.

ग्यानबाच्या मनात होतं की संध्याकाळच्या गाडीनं मानोऱ्याला निघावं. पण दुपारी लेकराला तेल कोणतं लावायचं यावरून बेबीताई आणि प्रयागबाईचा गोड वाद रंगला, तो चहापर्यंत चालला. चहानंतर जगदेव त्याला वावरात घेऊन गेला. सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. धुऱ्याच्या बांधावरून चालताना जगदेव सवयीनं त्याच्या मागं राहत होता. ग्यानबानं थांबून त्याला बरोबरीनं यायला सांगितलं.

घरी आल्यावर त्यानं दुर्गाबाईला फोन केला. कोंबड्यांना दाणे टाकशील का, म्हणाला. आम्ही आणखी दोन दिवस इकडंच राहतो.